फटफटी ठेवून जाऊन पाहा

बाबू,

परवा फोनवर तू चार वेळा ‘क्लबहाउस’ म्हणालास, पण रोज ड्यूटीवर कसा जाशील हे एकदाही बोलला नाहीस. म्हणून हे पत्र. नागपुरात काँग्रेसनगरजवळ जुन्या बिल्डिंगमधला वन बीएचके घ्यायचा की शहराबाहेर बुटीबोरीकडच्या टाउनशिपमधला तीन बेडरूमचा, यात तुझा महिना गेला. तिकडे बाबा दोन एकर वावर विकायला निघालेत.

घर स्टेशनपासून पायी अंतरावर पाहिजे. पायी म्हणजे पायी. ब्रोशरमधली ‘फक्त दहा मिनिटं’ ही त्यांच्या कारची मिनिटं असतात, तीही पहाटेची.

आमच्या दारव्ह्याची शकुंतला रेल्वे तू लहानपणी पाहिली असशील. अडीच फुटांचे रूळ, १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन. पोट्टे चालत्या गाडीतून उतरायचे, इतकी हळू. लोक तिला हसायचे आणि तिच्यातच बसायचे. ती बंद पडली तेव्हा गावं जागच्या जागीच राहिली, यवतमाळ मात्र लांब गेलं.

हे डोळ्यानं पाहूनही मी शहाणा झालो नाही. १९९६ मध्ये नागपूरच्या बाहेर प्लॉट घेतला. दलाल म्हणाला, गुरुजी, दोन वर्षांत दारात बस. पोरीच्या कॉलेजासाठी १९९९ मध्ये दोन खोल्या बांधल्या, तिला आणि तिच्या आईला तिथं ठेवलं. बस तीन किलोमीटरवरच थांबायची. पावसाळ्यात काळी माती पायाला अशी धरायची की पोरगी घरून जुन्या चपला घालून निघे, डांबरी लागली की पानठेल्यावर त्या काढून ठेवी आणि तिथंच पिशवीत ठेवलेले सँडल घाली. संध्याकाळी उलटं. ठेलेवाला ठेला लवकर बंद करायचा, म्हणून ती शेवटचं प्रॅक्टिकल अर्धं टाकून निघायची. हे मला तिनं लग्नानंतर सांगितलं. मी शनिवारी यष्टीनं जायचो आणि प्लॉटचा भाव किती वाढला ते मोजत बसायचो.

आता तुझ्या एजंटचं, ‘मेट्रो येणारच आहे.’ येईल. दुसऱ्या टप्प्याला केंद्रानं डिसेंबर २०२२ मध्ये मंजुरी दिली, मार्ग ४३.८ किलोमीटरचा. पण पहिल्या टप्प्याचं भूमिपूजन ऑगस्ट २०१४ चं, पहिली गाडी मार्च २०१९ ची आणि तो टप्पा पुरा व्हायला डिसेंबर २०२२ उजाडलं. आठ वर्षं! हप्ता पहिल्या महिन्यापासून सुरू होतो, बाबू. जी गाडी आज धावते तिच्याजवळ घर घे. काँग्रेसनगरहून तुझ्या ऑफिसची बर्डी, म्हणजे सीताबर्डी, मेट्रोचं पुढचंच स्टेशन आहे, आणि तू स्विमिंग पूल मोजतोस. पोहायला येतं का तुला?

कागदाचं थोडक्यात. भाव कार्पेटवर, म्हणजे घरात खरोखर वापरायला मिळते त्या जागेवर काढ; जिना-लिफ्टचा वाटा धरलेल्या सुपर बिल्टअपवर नको. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला दहा टक्क्यांवर पैसे घेता येत नाहीत, रेराचा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणारा, कायदाच आहे. वीस टक्के मागतो आणि तू त्याला ‘ऑफर’ म्हणतोस! जुन्या बिल्डिंगमध्येही आंधळेपणानं शिरू नको. गळती, लिफ्ट, पाणी पाहा, आणि बाकी लोक मेंटेनन्स देतात का ते वॉचमनला विचार. त्याला सगळं ठाऊक असतं.

तू म्हणतोस, तीन बेडरूम असले तर आई-बाबा येऊन राहतील. बरं वाटलं ऐकून, खरंच. पण तुझ्या आईचे गुडघे तू पाहिलेत. भाजीला, दवाखान्याला, मंदिराला दर वेळी तुझी फटफटी लागली तर ती चार दिवसांत तुरीच्या शेंगा सोलायला परत येईल. लहान घरातून ती स्वतः खाली उतरून कोथिंबीर आणू शकली तर महिनाभर राहील.

गावात म्हणतात, मास्तर नागपुरात टिकला नाही. टिकायला काय झालं होतं? दोन खोल्या पडत्या भावात विकल्या आणि परत आलो, कारण रोज तीन किलोमीटर चिखल कोणी तुडवायचा? बायको म्हणते, तुम्ही नव्हतेच तुडवत. तेही खरं. पण वावर विकलं नाही, एवढं माझ्या खात्यात लिही.

सोमवारी ऑफिस सुटल्यावर फटफटी तिथंच ठेव आणि काँग्रेसनगरला जा. मंगळवारी तसाच टाउनशिपला जा. रविवारी बिल्डरच्या कारनं जाऊन आलास ते धरत नाही. किती मिनिटं लागली ते कागदावर लिही आणि शनिवारी मुक्कामी गाडीनं ये. बाबांना म्हणावं, तोवर इसार घेऊ नका.

तुझा,
मास्तरकाका