“मावशी, पेपर नाही, मग माझं कसं होणार?”

अमेरिकेत मेडिकलला जाऊ पाहणाऱ्या मुलांना मी मार्गदर्शन करते. न्यू जर्सीत राहते, त्यामुळे मराठी घरं बरीच येतात. शीर्षकातला प्रश्न मी दरवर्षी ऐकते. पेपर म्हणजे स्वतःच्या नावानं छापून आलेला शोधनिबंध. त्यातली एक हकीकत सांगते. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत.

ऑक्टोबरात मायलेकी आल्या. मुलगी कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला, येत्या जूनमध्ये मेडिकलचा अर्ज भरायचा होता. आईनं बसता बसताच सुरुवात केली, “ताई, चौदा महिने लॅबमध्ये जातेय, एक पेपर नाही. आमच्या ओळखीतल्या एका मुलाचे दोन आलेत.” मग पर्समधून एक पत्रक काढलं. काही हजार डॉलर भरा, बारा आठवड्यांत तुमच्या नावाचा पेपर छापून येईल, अशी त्यात हमी होती. “हे करून टाकू का?”

मी स्पष्ट नाही म्हटलं. उत्तर काय येईल हे कुणालाच माहीत नसतं, म्हणून तर संशोधन करायचं. तिथे छापून येण्याची हमी कोण देणार? शिवाय अर्जात लिहिलेल्या कुठल्याही ओळीवर मुलाखतीत प्रश्न येऊ शकतो, आणि दुसऱ्यानं शिजवून दिलेलं तिथे उघडं पडतं.

मग मुलीकडे वळले. “लॅबमध्ये काय करतेस?”

“झेब्राफिशवर काम. पीसीआर, स्टेनिंग, इमेजिंग…”

“कशासाठी?”

ती गप्प झाली. हातांना सगळं येत होतं, पण हे का चाललंय ते तिला नीट सांगता येईना. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांची गाडी इथेच अडते. मी तिला एकच काम दिलं: रविवारी साताऱ्याला आजीला फोन करायचा आणि लॅबमध्ये काय करतेस ते मराठीत समजावून सांगायचं.

दोन आठवड्यांनी आली तेव्हा चेहरा फुलला होता. तिनं आजीला सांगितलं होतं, हा बोटाएवढा मासा मूळचा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. त्याची पिल्लं पारदर्शक असतात, त्यामुळे धडधडणारं हृदय बाहेरून दिसतं. आणि मोठ्या माशाच्या हृदयाच्या जवनिकेचा, म्हणजे रक्त बाहेर ढकलणाऱ्या कप्प्याचा, पाचवा हिस्सा कापला, तरी दोनेक महिन्यांत तो भरून येतो. आजीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग तुझ्या आजोबांचं का नाही गं भरून आलं?”

“मावशी, आमच्या लॅबचा प्रश्न हाच आहे! मला तो कधी असा दिसलाच नव्हता.”

मग बोलता बोलता आणखी एक गोष्ट निघाली. तीन महिने तिच्या नमुन्यांवर अँटिबॉडीचा रंग धरत नव्हता. तिनं एकेक पायरी तपासली, तेव्हा कळलं की नमुने फिक्सेटिव्हमध्ये, म्हणजे ते टिकवायच्या द्रावणात, गरजेपेक्षा जास्त वेळ राहत होते. हे तिनं अर्जाच्या मसुद्यात लिहिलंच नव्हतं, कारण तिच्या लेखी ते ‘अपयश’ होतं. मी म्हटलं, बाळा, हेच तर लिहायचं.

एएमसीएएस या इथल्या मेडिकल प्रवेशाच्या सामाईक अर्जात जास्तीत जास्त 15 अनुभव देता येतात, प्रत्येकाला 700 अक्षरं. त्यातले तीन ‘सर्वांत अर्थपूर्ण’ म्हणून निवडले की त्यांना आणखी 1325 अक्षरं मिळतात. एवढ्याशा जागेत यंत्रांची यादी भरणं म्हणजे जागा वाया घालवणं. एमडी (इथली डॉक्टरकीची मूळ पदवी) आणि पीएचडी अशी जोडपदवी करायची असेल तर गोष्ट वेगळी, तिथे संशोधन हाच अर्जाचा कणा असतो. नुसत्या एमडीसाठी बहुतेक ठिकाणी संशोधनाची सक्ती नाही. पेपरची तर नाहीच.

मला खरी काळजी वेगळीच होती. रुग्णांसोबत तिचे जेमतेम वीस तास झाले होते. डॉक्टर व्हायचंय आणि आजारी माणसाजवळ बसलेली नाही, हे मला पेपर नसण्यापेक्षा कितीतरी गंभीर वाटतं. मी लॅबचे आठवड्याचे पंधरा तास आठवर आणायला सांगितले आणि शनिवार हॉस्पिसला, म्हणजे अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांच्या सेवेला, द्यायला लावला. आई नाराज झाली. “आता लॅब कमी केली तर पेपर कसा येणार?” मी माझं म्हणणं सोडलं नाही.

शिफारसपत्राचाही घोळ होता. रोजचं काम पोस्टडॉकसोबत, म्हणजे पीएचडी झालेल्या संशोधकासोबत, प्रोफेसरना ही फक्त नावानं ठाऊक. अशा वेळी पत्र गुळमुळीत येतं. म्हणून फेब्रुवारीत तिनं लॅब मीटिंगमध्ये स्वतःचं काम मांडायची परवानगी मागितली, तीही फिक्सेटिव्हच्या घोळासकट. पुढे पत्र पोस्टडॉकनं लिहिलं, प्रोफेसरनी त्यात भर घातली आणि दोघांनी सही केली.

जूनमध्ये अर्ज गेला. त्यातल्या लॅबच्या नोंदीची सुरुवात आजीच्या प्रश्नानं होती.

पुढच्या वसंतात आईचा फोन आला. दोन ठिकाणी प्रवेश मिळाला होता. मुलाखतीत लॅबपेक्षा हॉस्पिसबद्दलच जास्त विचारलं, असं त्या म्हणाल्या. पेपर अजून आलेला नाही.