रातांब्यांचा नफा कोणाचा?

प्रश्न : कुडाळजवळच्या आमच्या महिला सहकारी संस्थेला यंदा रातांब्यांची (कोकमाच्या फळांची) आमसुले आणि आगळ (खारवलेला रस) विकून प्रथमच बरा नफा झाला. काही सभासद सगळा वाटून घ्या म्हणतात. काय करावे?

उत्तर : ताई, सगळा वाटता येणारच नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 नुसार निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो आणि निबंधकांच्या पूर्वपरवानगीशिवाय भागांवर (शेअर्सवर) 15 टक्क्यांहून अधिक लाभांश देता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी तुमच्या धंद्याची चाल पाहा. रातांबे मे महिन्यात रोखीने घ्यावे लागतात, साली रसाची पुटे देत उन्हात वाळवायच्या त्या पाऊस येण्याआधीच, आणि आगळाची बाटली मात्र पुढच्या उन्हाळ्यापर्यंत एकेक करून खपते. हातात खेळते भांडवल नसेल, तर ऐन हंगामात व्यापारी सांगेल त्या अटींवर उचल घ्यावी लागते, आणि त्यातून सुटण्यासाठीच तर तुम्ही संस्था काढलीत. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की लाभांश माफक ठेवावा आणि उरलेल्यातून जिने संस्थेला जितके रातांबे घातले, तिला त्या प्रमाणात बोनस द्यावा. पोटनियमांत तशी तरतूद आहे ना, हे सभेपूर्वी तपासून घ्या.