थायलेरियावर दुसरे औषध का नाही?

प्रश्न : माझ्या संकरित गायीला थायलेरिया (गोचिडांमार्फत पसरणारा परजीवीजन्य रोग) झाल्याचे निदान झाले. ब्युपार्व्हाक्वोनचे इंजेक्शन देऊनही चार दिवस ताप उतरला नाही. या औषधाचा गुण आता येत नाही का, आणि दुसरे औषध का निघत नाही?

उत्तर : एका इंजेक्शनने ताप उतरला नाही, एवढ्यावरून औषध निकामी झाले असे म्हणता येत नाही. या औषधाची मात्रा प्रति किलो वजनास २.५ मिलिग्रॅम असल्याने ४०० किलोच्या गायीस ५ टक्के द्रावण २० मिलिलीटर लागते. हे इंजेक्शन मानेच्या स्नायूत, दोन ठिकाणी विभागून द्यावे. नुसत्या नजरेने वजन ३०० किलो धरले, तर १५ मिलिलीटरच जाते आणि अर्धवट मात्रेत तग धरलेले परजीवी पुढे वाढतात. तेव्हा आपल्या गायीचे वजन छातीच्या घेराचे माप घेऊन काढले होते का, हे आधी पाहावे.

तरीही आपली शंका अगदीच निराधार नाही. ब्युपार्व्हाक्वोन हे परजीवीच्या ऊर्जानिर्मितीतील सायटोक्रोम-बी या प्रथिनावर काम करते, आणि त्या प्रथिनाच्या जनुकात बदल झालेले, औषधाला न जुमानणारे परजीवी ट्युनिशिया, इराण यांसारख्या देशांत आढळले आहेत.

नवे औषध शोधणे अवघड आहे, याचे मूळ कारण परजीवीच्या बिऱ्हाडात आहे. सुजलेल्या लसिका गाठीतून सुईने काढलेला द्रव काचपट्टीवर पसरून रंगवला, तर पांढऱ्या पेशीच्या आत निळसर ठिपक्यांचा पुंजका दिसतो; तो परजीवी त्या पेशीला कर्करोगासारखी सतत विभागायला लावतो आणि तिच्याबरोबर स्वतःही वाढतो. त्यामुळे औषधाने पेशीत शिरून परजीवीला मारावे, पण निरोगी पेशींना धक्का लावू नये, अशी दुहेरी अट येते. संशोधकांना एक सोय मात्र आहे : अशा बाधित पेशी प्रयोगशाळेत वाढवता येतात, म्हणून अनेक रसायने, त्यांत माणसांच्या हिवतापावरील आणि कर्करोगावरील औषधेही, त्यांच्यावर ताडून पाहता येतात. काचेच्या भांड्यात यशस्वी ठरलेले बहुतेक पदार्थ पुढे जनावरात विषारी ठरतात किंवा रक्तात टिकत नाहीत. जे टिकतात त्यांचा अंश दुधात किती दिवस उतरतो, हे तपासावे लागते. शिवाय औषध पशुपालकाला परवडले पाहिजे, आणि माझ्या मते उरलेले बहुतेक रेणू याच पायरीवर अडतात. सर्रा या दुसऱ्या परजीवीजन्य रोगावर १९५० च्या दशकातील डिमिनाझिन अजून वापरावे लागते, ते याचमुळे. (ते थायलेरियावर चालत नाही, म्हणून परस्पर देऊ नये.)

आपल्या गायीबाबत, इंजेक्शननंतर ४८ ते ७२ तासांत सुधारणा दिसायला हवी होती; आता चार दिवस उलटल्याने पशुवैद्यकाकडून गाठीतील द्रव पुन्हा तपासून घ्यावा आणि दुसरी मात्रा त्यांच्याच सल्ल्याने द्यावी. बबेसिया या गोचिडांमार्फतच पसरणाऱ्या दुसऱ्या रक्तपरजीवीची जोडबाधा असल्यास उपचार वेगळा लागतो. पूर्ण मात्रा देऊनही पेशींत परजीवी दिसत राहिले, तर रक्ताचा नमुना जनुकीय तपासणीसाठी पाठवण्याची विनंती करावी. गोठ्यातील भेगांतल्या गोचिडांवरही उपचार करावेत, अन्यथा शेजारच्या कालवडीला हाच आजार होण्याचा धोका राहील.