कुंडीतले प्रश्न : पांढरे पट्टे गेले कुठे?

प्रश्न : ताई, माझ्या टांगत्या कुंडीतल्या ट्रॅडेस्कॅन्शियाची पानं आणली तेव्हा हिरवी-पांढरी होती. आता वेल भरपूर वाढली आहे, पण निम्म्याहून जास्त पानं नुसतीच हिरवी. खत कमी पडतंय का?

उत्तर : कमी नाही, झालंच असेल तर जास्त. 'वेल भरपूर वाढली' हे तुम्ही कौतुकानं लिहिलंय, पण दुखणं तिथंच आहे. पानावरच्या पांढऱ्या भागातल्या पेशींत हरितद्रव्य नसतं. त्या अन्न तयार करत नाहीत, शेजारच्या हिरव्या पेशींच्या जिवावर राहतात. त्यामुळे एखाद्या डोळ्यातून पूर्ण हिरवी फूट निघाली की ती पट्टेवाल्या फांद्यांना मागं टाकते आणि हळूहळू सगळी कुंडी बळकावते. झाडाचं यात काहीच बिघडलेलं नाही. पट्टे आपल्याला हवे आहेत, त्याला नकोत. मग राखायचे कुणी?

तेव्हा कात्री घ्या. हिरव्या फांदीचा नुसता शेंडा खुडू नका, ती जिथून फुटली तिथपर्यंत मागं जाऊन कापा. अर्धवट ठेवलीत तर उरलेल्या पेरांवरून, म्हणजे पान खोडाला जुळतं त्या गाठींवरून, पुन्हा हिरवंच फुटेल. पट्टेवाली फांदी छाटताना मात्र जागा निवडावी लागते. नवी फूट पानाच्या बेचक्यातल्या डोळ्यातून येते, आणि तो डोळा खोडाच्या ज्या पट्ट्यात बसलेला असतो तसाच रंग फुटीला येण्याची शक्यता जास्त. म्हणून हिरवा-पांढरा मेळ चांगला असलेलं पान शोधा आणि त्याच्या जरा वर कापा. कधीकधी अख्खी पांढरी फांदी निघते. दिसते सुंदर, आणि 'हीच वेगळी लावू' असा मोहही होतो. लावू नका. मूळ झाडापासून तुटल्यावर ती उपाशी मरते.

एकदा कापून हे भागणार नाही. पाण्याच्या झारीबरोबर कात्री न्यायची मला सवयच लागली आहे. कुंडी खिडकीजवळ, भरपूर उजेडात ठेवा. सकाळचं कोवळं ऊन चालतं, दुपारचं नको, कारण आधी पांढरा भागच करपतो. अंधाऱ्या कोपऱ्यात दोन पेरांमधलं अंतर वाढतं, पानं विरळ होतात आणि हिरव्या फांद्यांचं आणखी फावतं. नत्राचा मारा थांबवा. वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा पातळ केलेलं द्रवखत पुष्कळ झालं.

प्रश्न : वेल खाली छान लोंबते आहे, पण कुंडीच्या तोंडाशी टक्कल पडलंय. पाणी रोज घालते.

उत्तर : रोज घालू नका. बोटाच्या एका पेराएवढी वरची माती कोरडी लागली की मगच घाला, आणि तळाशी साचू देऊ नका. ही खोडं रसाळ असतात, ओल्या मातीत बुडापासून कुजतात. दुसरं कारण बहुतेकांच्या लक्षात येत नाही : कुंडी किती उंच टांगली आहे? छताला लागून असेल तर खिडकीचा उजेड लोंबत्या फांद्यांना मिळतो, कुंडीच्या माथ्याला नाही. दोन हात खाली घ्या.

तरीही ही वेल जुनी झाली की बुडाशी उघडी पडतेच. तिला वर्षानुवर्षं जपण्यात मला अर्थ वाटत नाही. चांगल्या पट्ट्यांचे ८-१० सेंटिमीटरचे शेंडे कापा, खालची पानं काढा आणि सहा-सात शेंडे एकाच कुंडीत, निचऱ्याच्या मातीत खोचा. मुळं पेराशी फुटतात, म्हणून निदान एक पेर मातीत गेलं पाहिजे. नुसतं पान लावून काही उगवत नाही. पाण्यातही साधारण आठवड्याभरात मुळं दिसू लागतात. नवी कुंडी करायची नसेल तर लांब फांदी वळवून टकलावर आडवी ठेवा आणि वाकवलेल्या तारेनं मातीला टेकवा. तीही रुजते.

प्रश्न : माझ्याकडे जांभळ्या पाठीची, चंदेरी पट्ट्यांची जात आहे. तीही हिरवी होईल का?

उत्तर : ती झेब्रिना. तिचं गणित वेगळं. तिथं हरितद्रव्य हरवलेलं नसतं. पानाच्या वरच्या सालीखाली हवेच्या बारीक पोकळ्या असतात, त्यांवरून उजेड परततो आणि पट्टा चंदेरी दिसतो. उजेड कमी पडला तर रंग फिका होईल, पण हिरव्या फांद्यांच्या मागं कात्री घेऊन फिरावं लागणार नाही.

प्रश्न : घरात कुत्रा आहे. ही वेल ठेवावी का? आणि छाटलेल्या फांद्या बाहेर मातीत टाकल्या तर चालतील?

उत्तर : ठेवा, पण त्याला पोहोचणार नाही अशी. काही कुत्र्यांना हिच्या स्पर्शानं पोटाला, पंजांना लाल पुरळ उठून खाज सुटते. तसं दिसलं तर वेल हलवा आणि पशुवैद्यांना दाखवा.

फांद्या बाहेर मात्र अजिबात टाकू नका. पहिल्या प्रश्नातल्या वेलीची जात मूळची ब्राझील आणि आसपासची; ती न्यूझीलंडमध्ये जंगलाच्या जमिनीवर अशी पसरली की खाली स्थानिक झाडांची रोपं उगवेनात. तिथं तिला बीसुद्धा धरत नाही; जे पसरलं ते खोडाच्या तुकड्यांवर. शेवटी २०११ पासून ब्राझीलमधले भुंगेरे तिथं सोडावे लागले. म्हणून छाटलेले तुकडे पिशवीत बांधून पूर्ण कुजू द्या किंवा कडक उन्हात खडखडीत वाळवा, आणि मगच खतात मिसळा.