वाचताना येतं, पेपरात आठवत नाही

स्पर्धा परीक्षेची मुलं माझ्याकडे येतात ती बहुतेक वेळा 'एकाग्रता होत नाही' असं सांगत. थोडं बोलणं झालं की मूळ तक्रार बाहेर पडते. वाचताना सगळं येतं, पेपरात काही आठवत नाही. माझी स्मरणशक्तीच कमी आहे का? सामान्य ज्ञानातल्या संज्ञांबद्दल तर हे फारच ऐकू येतं. अध्यादेश, अधिनियम, अधिसूचना. रेपो, रिव्हर्स रेपो. महसुली तूट, राजकोषीय तूट, प्राथमिक तूट. शब्द सगळे ओळखीचे, पण चार पर्याय समोर आले की एकाचा अर्थ दुसऱ्याला चिकटतो.

अशाच एका मुलीबद्दल लिहिते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. शिरोळ तालुक्यातली, ऊस पिकवणाऱ्या घरातली. पदवीनंतर कोल्हापुरात राजारामपुरीत दोघी-तिघींबरोबर खोली घेऊन राहिलेली, दिवसभर अभ्यासिकेत. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या गट-ब, गट-कच्या संयुक्त पूर्व परीक्षेत थोडक्यात राहिलेली, एकदा नव्हे, दोनदा.

"तीन वेळा वाचलोय मॅडम, तरी पेपरात चारही पर्याय बरोबरच वाटतात. डोक्यातच कायतरी कमी हाय माझ्या." (आमच्याकडच्या मुली स्वतःबद्दल 'करतो, जातो' असंच बोलतात, तिचं बोलणं मी तसंच ठेवलं आहे.)

तिच्या पिशवीत ब्राह्मीच्या सिरपची बाटली होती, आईनं दिलेली. त्या बाटलीवरून मी कुणाशी वाद घालत नाही. मला तिची वही बघायची होती.

वही देखणी होती. डावीकडे संज्ञा, उजवीकडे एका ओळीत अर्थ, तीन रंगांचे हायलायटर. शिवाय टेलिग्रामवरून उतरवलेल्या वनलायनरच्या, म्हणजे एकेका ओळीच्या माहितीच्या पीडीएफ, एकमेकींशी न जुळणाऱ्या. रोज सकाळी ती वही वरपासून खालपर्यंत वाचायची. वाचताना प्रत्येक ओळीला 'हे येतंय' वाटायचं आणि पान उलटलं जायचं. मी उजवी बाजू कागदानं झाकली आणि डावीकडचे शब्द विचारायला लागले. पहिल्याच पानावर ती अडखळली. दुसऱ्या पानावर डोळे भरून आले, म्हणून मी थांबले.

तिला वाटलं, तिची शंका मी खरी ठरवली. झालं होतं उलटंच. ओळखणं आणि आठवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि ती रोज पहिल्याचाच सराव करत होती. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा 2006 सालचा एक प्रयोग मी अशा वेळी सांगते. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून बाजूला ठेवला आणि आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी तपासलं तर वाचणारे पुढे होते. आठवड्यानं तपासलं तर लिहून काढणारे पुढे गेले होते. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की, आपल्याला लक्षात राहील असा विश्वास मात्र पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच जास्त होता. म्हणजे 'येतंय' या भावनेवर भरवसा ठेवून चालत नाही.

पण हे सांगून भागत नाही. झाकून विचारायला लागलं की आणखी एक गोष्ट उघडी पडते: काही संज्ञा विसरलेल्या नसतात, त्या मुळात कळलेल्याच नसतात.

तिच्या वहीत 'एफआरपी : उसाचा रास्त आणि किफायतशीर दर' अशी एक ओळ होती आणि तिच्याच खाली 'एमएसपी : किमान आधारभूत किंमत'. दोन्हींतला फरक विचारला तर उत्तर आलं, "दोन्ही सरकार ठरवतं." मी म्हटलं, वही मिट आणि तुमच्या घरी उसाचं बिल कसं येतं ते सांग. मग तिला थांबवावं लागलं. दर केंद्र सरकार ठरवतं, तो साखरेच्या उताऱ्याला, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघते त्याला, बांधलेला असतो, 2025-26 च्या हंगामासाठी 10.25 टक्के मूळ उताऱ्याला क्विंटलला 355 रुपये, म्हणजे टनाला 3,550. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर 15 टक्के व्याज. हप्ता थकला की गावात काय बोलणी होतात तेही तिनं सांगितलं, ते इथं लिहीत नाही.

"बरं, पैसे कोण देतं?"
"कारखाना."
"आणि एमएसपी, म्हणजे सोयाबीनचा हमीभाव कोण देतं?"

ती गप्प झाली. मग हळूहळू बोलायला लागली. मागच्या वर्षी हमीभावापेक्षा कमी दरानं व्यापाऱ्याला सोयाबीन घातलं होतं, आणि त्यात व्यापाऱ्यानं कायदा मोडला असं कुणी म्हटलं नव्हतं. एफआरपी 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाखाली येते, ती देणं कारखान्याला कायद्यानं बंधनकारक आहे. हमीभावात मात्र सरकार सांगतं की या किमतीला आम्ही खरेदी करू. खासगी व्यापाऱ्यानं त्याच दरानं घ्यावं अशी कायद्याची सक्ती नाही. शिफारस दोन्हींची एकाच आयोगाची, कृषी खर्च व मूल्य आयोगाची. म्हणूनच पर्यायांत दोन्ही शेजारी बसवले जातात. 2009 आधी उसालाही 'वैधानिक किमान किंमत' होती, तिच्या जागी एफआरपी आली, हे तिच्या वडिलांना तोंडपाठ होतं. त्या संध्याकाळी तिनं फोन करून खात्री केली. कितीतरी दिवसांनी घरी लग्न आणि फॉर्म सोडून दुसऱ्या विषयावर बोलणं झालं, असं ती पुढच्या वेळी म्हणाली.

वहीतली ओळ चुकीची नव्हतीच. फक्त तिच्यात माणसं नव्हती. कोण ठरवतं, कुणाला बांधतं, कधी लागू होतं, मोडलं तर काय होतं, यातलं काहीच एका ओळीच्या अर्थात मावत नाही; आणि लोकसेवा आयोगाचे प्रश्न नेमके तिथंच बोट ठेवतात. 'खालीलपैकी अयोग्य विधान ओळखा' या प्रकाराला वनलायनर कधीच पुरणार नाहीत.

मग आम्ही प्राधिलेख (रिट, म्हणजे हक्कांच्या रक्षणासाठी वरचं न्यायालय काढतं ते आदेश) घेतले. पाच नावं तिला गाण्यासारखी पाठ होती: बंदी प्रत्यक्षीकरण, परमादेश, प्रतिषेध, उत्प्रेक्षण, अधिकारपृच्छा. पण प्रतिषेध आणि उत्प्रेक्षण यांची दर वेळी अदलाबदल. इथं कोल्हापूरकरांना एक सोय झाली आहे. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत सुरू आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडे आहेत. उच्च न्यायालयाला प्राधिलेखांचा अधिकार देणारं संविधानाचं अनुच्छेद 226 पुस्तकातून उठून आपल्या रस्त्यावर आला आहे. मी तिला म्हटलं, समज तू तिथं अर्ज घेऊन गेलीस. खालच्या न्यायालयात प्रकरण अजून चालू आहे आणि ते त्याच्या अधिकाराबाहेरचं आहे, तर 'पुढे जाऊ नका' म्हणून जो आदेश मागशील तो प्रतिषेध. निकाल लागून गेलाय आणि तो रद्द करून हवाय, तर उत्प्रेक्षण. अधिकारी करायलाच हवं ते काम करत नाही, तर परमादेश. कुणी अपात्र असून सार्वजनिक पदावर बसलाय, तर अधिकारपृच्छा. उरलेला तिनं स्वतःच जोडला: पोलिसांनी उचलून नेलंय आणि पत्ता नाही. मग 32 आणि 226 मधला फरकही आपसूक निघाला. सर्वोच्च न्यायालय 32 खाली फक्त मूलभूत हक्कांसाठी प्राधिलेख काढतं, उच्च न्यायालय 226 खाली इतर कारणांसाठीही. म्हणजे याबाबत उच्च न्यायालयाचा आवाका मोठा, आणि हा आवडीचा प्रश्न आहे.

तुटीच्या तीन प्रकारांत ती हट्टानं पाठांतराकडे वळत होती. राजकोषीय तूट म्हणजे सरकारला एकूण किती कर्ज काढावं लागणार, हे तिला पटलं. प्राथमिक तूट अडली. तेव्हा सोसायटीचं पीककर्ज काढलं बोलण्यात: यंदा जेवढं कर्ज काढावं लागलं, त्यातून मागच्या कर्जावरचं व्याज बाजूला काढलं तर उरतं ते यंदाच्या खर्चाचं ओझं. तसंच राजकोषीय तुटीतून व्याजाचे हप्ते वजा केले की प्राथमिक तूट. रेपोत फार वेळ गेला नाही: पैसा रिझर्व्ह बँकेकडून बँकांकडे चाललाय (रेपो) की उलट (रिव्हर्स रेपो), एवढं आधी लिहायचं.

संसदेच्या कामकाजातली तहकुबी, सत्रसमाप्ती आणि विसर्जन तिनं मला शिकवलं, मी फक्त विचारत गेले. तहकुबी पीठासीन अधिकारी करतात, सत्रसमाप्ती राष्ट्रपती. विसर्जन फक्त लोकसभेचं होतं, राज्यसभेचं नाही. सत्रसमाप्तीनं प्रलंबित विधेयक रद्द होत नाही, हे सांगताना ती क्षणभर थांबली, संविधान उघडून अनुच्छेद 107 काढलं आणि मगच पुढे गेली. मला ते थांबणं आवडलं.

सगळंच असं समजून घेता येत नाही, हेही सांगायला हवं. नाहीतर मुलं पाठांतर हे पाप समजायला लागतात. शाहू महाराजांचा आरक्षणाचा आदेश 26 जुलै 1902 चा, कोल्हापूर संस्थानाचं विलीनीकरण 1 मार्च 1949 चं, शिवाजी विद्यापीठाची स्थापना 18 नोव्हेंबर 1962 ची. यांच्यामागचा इतिहास कळू शकतो, पण तारीख ही तारीखच. ती पाठच करावी लागते, फक्त एका बैठकीत नाही. एबिंगहाउसनं 1885 मध्येच दाखवून दिलंय की विसरणं सुरुवातीला झपाट्यानं होतं, मग मंदावतं. म्हणून आज, उद्या, चार दिवसांनी, पंधरा दिवसांनी, आणि दर वेळी आधी आठवून, मग बघून. तिनं पत्त्याएवढी कार्डं केली. समोर शब्द, मागे अर्थ नाही, मागे प्रश्न. चुकलेली कार्डं वेगळ्या रबरात. पीडीएफ तिनं स्वतःहून काढून टाकल्या, एक ठेवली. मी सांगितलं असतं तर काढल्या नसत्या.

एक गोष्ट मात्र अभ्यासाच्या पद्धतीनं सुटणारी नव्हती. संयुक्त पूर्व परीक्षेत एका तासात शंभर प्रश्न असतात, म्हणजे प्रश्नाला छत्तीस सेकंद, आणि चार चुकांमागे एक गुण जातो. दोनदा थोडक्यात हुकलेल्या मुलीच्या हातात ती छत्तीस सेकंद तशीच राहत नाहीत. त्यात रात्री दोनपर्यंत जागरण, सकाळी सहाला गजर. दिवसभर वाचलेलं पक्कं व्हायला झोप लागते. तीच कापून वाचनाचे तास वाढवायचे, हा व्यवहार तोट्याचा आहे. झोपेबद्दल ती सर्वात जास्त भांडली. "बाकीच्या पोरी जागतात की!" शेवटी परीक्षेआधीच्या महिन्यापुरतं कबूल झाली, आणि नंतर तसंच चालू ठेवलं.

तिचं जेवण-खाण नीट होतं, हसू गेलेलं नव्हतं, म्हणून मी एवढ्यावर थांबले. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर विसरभोळेपणा हा अभ्यासाचा प्रश्न राहत नाही. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञाकडेच जायचं; रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. सततचा थकवा असेल तर थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही एकदा तपासून घ्यावं. 'तुझ्यात जिद्द नाही' असं सांगणारी व्याख्यानं अशा मुलांना ऐकवू नयेत, हे माझं पालकांना कळकळीचं सांगणं आहे.

पुढच्या पूर्व परीक्षेत ती पास झाली. मुख्य परीक्षा व्हायची आहे, तिथं काय होईल ते मला माहीत नाही, तिलाही नाही. आणखी किती प्रयत्न करायचे यावर घरात अजून एकमत नाही. ते ठरवायला पुढच्या शनिवारी वडिलांना घेऊन ये म्हटलंय. "ऊसतोड चालू हाय, रविवारी चालंल का?" एवढंच तिनं विचारलं.