मिररमधली कोणती डिस्क काढून ठेवायची?

डेबियन लिनक्स ११ वरून १२ वर जाण्याआधी रेड-१ मधली (म्हणजे दोन डिस्कवर एकच मजकूर ठेवणाऱ्या मिररमधली) एक डिस्क काढून ठेवली तर बॅकअप म्हणून चालेल का, असं तुम्ही विचारलंय. परत फिरायची सोय म्हणून चालेल, बॅकअप म्हणून नाही. डिस्क काढल्यानंतर डेटाबेसमध्ये जे लिहिलं जाईल ते तिच्यावर नसणार. डेटाबेसचा डंप, म्हणजे पूर्ण प्रत, दुसऱ्या मशीनवर घ्याच.

आता कोणती काढायची? बहुतेक जण दुसरी काढतात. मी पहिली काढतो, म्हणजे सर्व्हर रोज जिच्यावरून बूट होतो ती. ती चालते हे माहीत आहे, मग तीच सुरक्षित ठेवायची. दुसरी एकटीने बूट होते का, हे सहसा कुणी तपासलेलंच नसतं.

यूईएफआय, म्हणजे नव्या पद्धतीचं फर्मवेअर असलेल्या मशीनवर अनेकदा ती होत नाही. फर्मवेअरला एमडी रेड (लिनक्सचा सॉफ्टवेअर रेड) कळत नाही, त्यामुळे ईएसपी, म्हणजे बूटच्या फाइल्सची जागा, हे मिररबाहेरचं साधं फॅट पार्टिशन असतं आणि बूटलोडर ग्रब दोनपैकी एकाच डिस्कवर बसलेला असतो. दुसऱ्या डिस्कवरही ईएसपी करा आणि ग्रब-इन्स्टॉल 'रिमूव्हेबल' पर्यायासह चालवा, म्हणजे फर्मवेअरमध्ये नोंद नसली तरी तो सापडतो. एफएसटॅबमधल्या (बूट होताना काय माउंट करायचं त्या यादीतल्या) ईएसपीच्या ओळीत 'नोफेल' घाला. नाहीतर पहिली डिस्क नसताना सिस्टमडी (बूटच्या वेळी सगळं सुरू करणारा प्रोग्राम) तिच्या ईएसपीच्या यूयूआयडीची, म्हणजे ओळख क्रमांकाची, दीड मिनिट वाट बघतो आणि इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतो. मग एसएसएचने दुरून लॉगिन नाही, मशीनचा कन्सोल गाठा. अपग्रेडच्या आधी दुसरीचं ईएसपी नेहमीच्या जागी माउंट केलंय ना, तेही पाहा. जुन्या बायोसवर काम सोपं: ग्रब-पीसी हे पॅकेज रीकॉन्फिगर करून दोन्ही डिस्कवर टिक.

काढण्याआधी मिररच्या अ‍ॅरेवर 'चेक' (दोन्ही डिस्क वाचून जुळवण्याची तपासणी) चालवून पूर्ण होऊ द्या. एकदा मिरर फोडला की उरलेल्या डिस्कवरच्या खराब सेक्टरला दुसरी प्रत नसते. मिररवर स्वॅप असेल तर मिसमॅचचा (न जुळणाऱ्या जागांचा) आकडा शून्य येईलच असं नाही, त्याने घाबरू नका. रीड एरर आली तर मात्र थांबा.

रेडची स्थिती दाखवणाऱ्या एमडीस्टॅटमध्ये दोन्ही 'यू' (म्हणजे दोन्ही डिस्क चालू) दिसले की सर्व्हर नीट शटडाउन करा आणि मगच डिस्क काढा. चालू मशीनमधून खेचली तर फाइलसिस्टम अर्धवट अवस्थेत जपली जाते. दुसरीवर मशीन उठलं नाही आणि अ‍ॅरे सुरूच झाला नाही, तर पहिली परत लावा, काहीही बिघडलेलं नसतं. उठलं, तर अपग्रेड करा. तो नेहमीचाच, रिलीज नोट्सप्रमाणे. फक्त १२ पासून फर्मवेअरसाठी 'नॉन-फ्री-फर्मवेअर' हा वेगळा विभाग आलाय, तो सोर्सेसमध्ये (पॅकेज कुठून घ्यायची त्या यादीत) जोडा.

सगळ्यात जपायचं ते डिस्क परत लावताना. दोन्ही डिस्कवर अ‍ॅरेचा यूयूआयडी एकच, पण मजकूर आता वेगळा. दोन्ही लावून थेट बूट करू नका. जी बाजू नको आहे तिच्या रेड पार्टिशनवरचा सुपरब्लॉक (रेडची ओळख ठेवणारी नोंद) दुसऱ्या मशीनवर एमडीएडीएम या रेड हाताळणाऱ्या कमांडच्या 'झीरो-सुपरब्लॉक'ने पुसा आणि मगच ती 'अ‍ॅड' करा. जुन्या बाजूवर परत फिरत असाल तर पुसायची डिस्क अपग्रेड झालेली. 'री-अ‍ॅड' अजिबात नको: बिटमॅप (कुठे लिहिलं गेलं त्याची नोंद) असेल तर तो फक्त बदललेले वाटणारे भाग जुळवतो, बाकीच्या ठिकाणी दोन्हींची खिचडी होऊ शकते आणि सिंक मात्र यशस्वी दिसतो.