पहिला बर्फ पडायच्या आत

मिनेसोटात तुमचा हा पहिलाच हिवाळा, म्हणून सांगते. कढीपत्त्याची कुंडी अजून बाहेर असेल तर आजच आत घ्या. १० अंश सेल्सियसच्या खाली तो कुढायला लागतो. आत आणल्यावर पानं गळतील, घाबरून पाणी ओतत बसू नका. बोट खुपसून बघा, माती कोरडी लागली तरच द्या. माझा पहिला कढीपत्ता थंडीने नाही, माझ्या मायेने मेला.

मग बाहेरचा नळ. पाइप काढा, आतली चावी बंद करा, बाहेरची उघडून उरलंसुरलं पाणी जाऊ द्या. भिंतीतली नळी फुटली की तळघरात तळं.

लसूण लावलात ना? त्यावर चारेक इंच पेंढा पसरा, पण वरची माती गोठून कडक झाल्यावर. हे पांघरूण उबेसाठी नाही. माती गोठते, वितळते, पुन्हा गोठते आणि त्यात पाकळ्या वर ढकलल्या जातात; ते टाळायचं असतं.

सफरचंदाचं झाड कोवळं आहे, तेव्हा बुंध्याभोवती बारीक तारेची जाळी हवीच. ससे साचलेल्या बर्फावर उभे राहून साल कुरतडतात, म्हणून जाळी बर्फाच्याही वर दीड-दोन फूट राहू द्या. वाळलेली फुलं मात्र कापू नका, बियांसाठी पाखरं येतात.